दाट वस्ती कशाला म्हणावे?

चाळींचा पुनर्विकास, झोपडपट्टी पुनर्वसन, संक्रमण शिबिर, एफएसआय, टॉवर हे शब्द गेल्या काही वर्षांत आपल्या समाजाच्या घराघरांत शिरले आहेत. वंदनेनंतर विहाराच्या पायरीवर चार माणसे बोलत थांबली तरी विषय बहुधा घराचाच असतो. मुंबईत आपला समाज मोठ्या संख्येने राहत आला तो बी.डी.डी. व बी.आय.टी. चाळींत, सफाई कामगारांच्या वसाहतींत आणि झोपडपट्ट्यांत. या साऱ्या वस्त्यांना सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत एकच विशेषण लावले जाते, ते म्हणजे ‘दाट लोकवस्ती’. हे विशेषण कानी पडताच घाण, रोगराई आणि गोंगाट यांचे चित्र डोळ्यांपुढे येते. मात्र त्याच जमिनीवर चाळीस मजली इमारत उभी राहिली की तिला ‘विकास’ म्हणतात, मग तेथे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक कुटुंबे राहायला आली तरी.

दाट वस्ती म्हणजे नेमके काय, ती मोजतात कशी आणि तिच्यात चांगले काय व वाईट काय, हे आपल्या सभासदांनी व विशेषतः विद्यार्थ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते. हा विषय तज्ज्ञांचा आहे असे म्हणून आपण तो बाजूला ठेवला, तर सही आपली आणि हिशेब दुसऱ्याचा, अशी अवस्था होते.

मोजण्याच्या चार पट्ट्या

नगररचनेत ‘घनता’ म्हणजे एखाद्या जमिनीवर किती माणसे किंवा किती घरे आहेत याचे प्रमाण. जमीन हेक्टरमध्ये मोजतात. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणजेच सुमारे अडीच एकर किंवा जवळजवळ शंभर गुंठे. शंभर हेक्टरांचा एक चौरस किलोमीटर होतो. घनता मोजण्याच्या प्रमुख पट्ट्या चार आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की सारा गोंधळ सुरू होतो.

पहिली पट्टी लोकसंख्येची घनता, म्हणजे हेक्टरी माणसे किती. दुसरी घरांची घनता, म्हणजे हेक्टरी सदनिका किती. तिसरी चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजेच एफएसआय. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे या आकड्यावरून कळते. १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक १.३३ असेल, तर सर्व मजले मिळून १,३३० चौरस मीटर बांधकाम करता येते. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १.०० हा मूळ निर्देशांक होता. चौथी पट्टी घराच्या आतली आहे. एका खोलीत माणसे किती, किंवा माणशी चटई क्षेत्र किती, हे ती सांगते.

पहिल्या तीन पट्ट्या जमिनीविषयी बोलतात, चौथी माणसाविषयी बोलते. सरकारी अहवालांत आणि बिल्डरांच्या माहितीपत्रकांत पहिल्या तिन्ही सहज सापडतात. चौथी मात्र शोधावी लागते, आणि आपल्या समाजाचा संबंध सर्वांत अधिक तिच्याशीच आहे.

छेद बदलला की उत्तर बदलते

विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घनता हा भागाकार आहे, आणि भागाकारात छेद कोणता घेतला यावर उत्तर अवलंबून असते. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३०,८५,४११ होती. जनगणनेने जिल्ह्याचे क्षेत्रफळ १५७ चौरस किलोमीटर धरले, म्हणून घनता आली चौरस किलोमीटरला १९,६५२. उपनगर जिल्ह्याची आली २०,९८०. म्हणजे कागदोपत्री भायखळा-परळपेक्षा उपनगरे दाट ठरली! परंतु महानगरपालिकेच्या हिशेबात शहर विभागाचे क्षेत्र सुमारे ६८ चौरस किलोमीटरच आहे. तो छेद घेतला तर तीच घनता ४५ हजारांच्या वर जाते. माणसे तितकीच राहिली, आणि आकडा मात्र दुपटीहून मोठा झाला.

म्हणूनच नगररचनाकार ‘ढोबळ’ आणि ‘निव्वळ’ घनता असा भेद करतात. रस्ते, मैदाने, शाळा, दवाखाने यांची जमीन धरून काढली ती ढोबळ, आणि केवळ इमारतींच्या भूखंडावर काढली ती निव्वळ. कोणी घनतेचा आकडा सांगितला, तर ‘कोणत्या जमिनीवर?’ हा प्रश्न आधी विचारावा.

वरळीच्या चाळींचा हिशेब

आता आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. याच खात्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बी.डी.डी. हे नाव पडले. या खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग (तेव्हाचा डिलाईल रोड) आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची. प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, मध्ये लांबच लांब बोळ आणि मजल्याला सामाईक संडास. खोली १६० चौरस फुटांची.

एका चाळीत ८० खोल्या, म्हणजे वरळीच्या १२१ चाळींत ९,६८० खोल्या. ही वसाहत जांबोरी मैदान व रस्ते धरून सुमारे ६० एकरांवर, म्हणजे साधारण २४ हेक्टरांवर वसलेली होती. भागाकार केला तर हेक्टरी सुमारे ४०० घरे येतात. कुटुंबात पाच माणसे धरली तर हेक्टरी २,००० माणसे. याच जनगणनेनुसार दोन्ही जिल्हे मिळून बृहन्मुंबईची सरासरी हेक्टरी सुमारे २०० होती. शहराच्या सरासरीच्या दहापट घनता, आणि तीसुद्धा फक्त चार मजल्यांत, लिफ्टशिवाय, मधली मैदाने शिल्लक ठेवून.

हा झाला जमिनीचा हिशेब. आता खोलीत शिरू. १६० चौरस फुटांत पाच माणसे म्हणजे माणशी ३२ चौरस फूट. पण खोलीत पाचच माणसे कोठे होती? आई-वडील, दोन भाऊ, एकाची बायको, मुले, शिवाय गावाहून नोकरीच्या शोधात आलेला कोणीतरी. आठ माणसे धरली तर वाट्याला २० चौरस फूट, म्हणजे एक चटई अंथरण्याइतकी जागा येते. गिरणगावात गावकीच्या खोल्याही होत्या. तेथे एकाच गावचे डझनभर पुरुष पाळीपाळीने झोपत. एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा पाठ टेकायचा. पोटमाळा काढून, मोरीला पडदा लावून, मुलांना व्हरांड्यात किंवा गच्चीवर पाठवून आपल्या लोकांनी संसार केले आणि मुले शिकवली.

बाबासाहेबांचे शिक्षणही अशाच घरांत झाले. परळच्या एका खोलीत भांडीकुंडी आणि माणसे यांच्या गर्दीत त्यांना अभ्यास करावा लागे, आणि निजानीज झाल्यावर वडील त्यांना पहाटे दोनच्या सुमारास उठवीत, हे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. पुढे पोयबावाडीच्या बी.आय.टी. चाळीत ५० व ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत त्यांनी सुमारे बावीस वर्षे काढली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने या चाळी बांधल्या होत्या. तेथे जी एक जादा खोली मिळाली, तिने अभ्यासाला, लोकांना भेटायला आणि चळवळीच्या कामाला जागा दिली. एका जादा खोलीने काय होते, हे आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको.

उंची म्हणजे घनता नव्हे

उंच इमारत म्हणजे दाट वस्ती आणि बुटकी इमारत म्हणजे विरळ वस्ती, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. समजा, एक हेक्टर जमीन आहे आणि चटई क्षेत्र निर्देशांक ३ आहे. म्हणजे ३०,००० चौरस मीटर बांधकाम होईल. त्यात ३० चौरस मीटरची घरे बांधली तर १,००० घरे होतील, आणि पाच माणसांच्या हिशेबाने ५,००० लोक राहतील. त्याच ३०,००० चौरस मीटरमध्ये १५० चौरस मीटरचे आलिशान फ्लॅट बांधले तर २०० घरे होतील, आणि घरटी तीन माणसे धरली तर ६०० लोक राहतील. निर्देशांक तोच, इमारतींची उंचीही कदाचित तीच, पण लोकसंख्येची घनता आठपटीने वेगळी. मलबार हिलवरील उंच मनोऱ्यांपेक्षा एखादी बैठी झोपडपट्टी अनेक पटींनी दाट असते, ती या कारणाने.

याच्या उलट, कमी उंचीतही दाट पण चांगली वस्ती करता येते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी नवी मुंबईत बेलापूर येथे १९८३ ते १९८६ या काळात एक वसाहत उभी केली. सुमारे साडेपाच हेक्टरांत साडेपाचशे घरे, म्हणजे हेक्टरी १०० घरे आणि सुमारे ५०० माणसे. घरे बैठी किंवा एकमजली. सात-सात घरांच्या मध्ये आठ मीटर लांबी-रुंदीचे अंगण. प्रत्येक घर ४५ ते ७५ चौरस मीटरच्या स्वतंत्र भूखंडावर, म्हणजे ऐपतीप्रमाणे पुढे वाढवता यावे असे. शहराच्या सरासरीच्या अडीचपट घनता असूनही प्रत्येक कुटुंबाला डोक्यावर स्वतःचे आकाश मिळाले. बैठ्या पण दाट वसाहतीचा नमुना म्हणून वास्तुशास्त्राचे विद्यार्थी आजही ही वसाहत अभ्यासतात.

मग किती म्हणजे ‘दाट’?

याला जगभर मान्य असलेला एकच आकडा नाही. इंग्लंडमध्ये रेमंड अन्विन या नगररचनाकाराने १९१२ साली एकरी १२ घरे, म्हणजे हेक्टरी सुमारे ३० घरे, हे प्रमाण योग्य मानले आणि त्याहून अधिक गर्दी करून काहीच साधत नाही असे प्रतिपादन केले. लंडनच्या २०११ च्या आराखड्यात मध्यवर्ती भागांसाठी हेक्टरी ४०५ घरे ही सर्वांत वरची पायरी होती. वरळीची चार मजली चाळ मैदानांसकट जवळजवळ त्याच पायरीवर होती, हे लक्षात घ्यावे. २०२१ च्या आराखड्यात लंडनने घनतेची ती सारणीच काढून टाकली. केवळ आकड्यापेक्षा जागेचे स्वरूप, वाहतुकीची सोय आणि इमारतीची रचना पाहून निर्णय घ्यावा, असे धोरण तेथे स्वीकारले गेले.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत महानगरांसाठी हेक्टरी १२५ ते १७५ माणसे ही सरासरी घनता सुचवली आहे. दिल्लीच्या २०२१ च्या बृहत् आराखड्यात गटगृहनिर्माणासाठी ४० चौरस मीटरपर्यंतच्या घरांना हेक्टरी ५००, ४० ते ८० चौरस मीटरच्या घरांना २५० आणि त्याहून मोठ्या घरांना १७५ अशी प्रमाणे दिली गेली. घर लहान तितकी हेक्टरी घरे जास्त, असा हा नियम आहे.

मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचा आकडा याहून वेगळा आहे. तेथे निव्वळ हेक्टरी किमान ५०० घरे बांधावीत अशी अट होती, आणि ती पुढे ६५० करण्यात आली. भूखंडावर झोपड्या त्याहून कमी असतील, तर उरलेली घरे प्रकल्पग्रस्तांसाठी बांधून द्यावी लागतात. ६५० घरांत पाच-पाच माणसे धरली तर हेक्टरी ३,२५० लोक होतात. केंद्राच्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. ३,२५० लोकांना दहा चौरस मीटरप्रमाणे ३२,५०० चौरस मीटर जागा लागेल, आणि हेक्टर तर १०,००० चौरस मीटरचाच असतो. म्हणजे एकही इमारत न बांधता सारा भूखंड मोकळा ठेवला, तरी गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही मोकळी जागा मिळणार नाही. ती आसपासच्या परिसरातच मिळवावी लागेल, आणि परिसरात नसेल तर ती मिळणारच नाही.

दाटी वेगळी, कोंडी वेगळी

येथे आम्हांस या लेखातील मुख्य मुद्दा मांडावयाचा आहे. दाटी आणि कोंडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमिनीच्या एका तुकड्यावर पुष्कळ घरे असणे ही दाटी, आणि एका खोलीत पुष्कळ माणसे असणे, घरात हवा-उजेड नसणे ही कोंडी. दाटीशिवाय कोंडी असू शकते, आणि कोंडीशिवाय दाटीही असू शकते.

अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा भेद आग्रहाने मांडला. बोस्टन शहराच्या नॉर्थ एंड या भागात निव्वळ एकरी सुमारे २७५ घरे, म्हणजे हेक्टरी सुमारे ६८० घरे होती. नियोजनकारांच्या लेखी ती गलिच्छ वस्ती ठरली होती आणि बँका तेथे कर्ज देत नसत. परंतु तेथील रहिवाशांनी आपापसांत श्रमाची देवघेव करून घरे दुरुस्त केली, दोन-तीन खोल्या जोडून मोठी घरे केली, आणि त्या भागाचे आरोग्याचे आकडे शहरात चांगल्यांपैकी होते. घरे दाट राहिली, पण खोलीतील गर्दी कमी झाली आणि वस्ती सुधारली.

कोंडीचे टोकाचे उदाहरण म्हणजे हाँगकाँगमधील कौलून वॉल्ड सिटी. सुमारे २.७ हेक्टरांत १९८७ च्या पाहणीनुसार ३३ हजार लोक राहत होते, म्हणजे हेक्टरी सुमारे १२ हजार. इमारती एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की खालच्या बोळांत दिवसाही दिवे लावावे लागत. १९९३-९४ मध्ये ती वस्ती पाडण्यात आली आणि तेथे उद्यान करण्यात आले.

आपल्या मुंबईतही अशा कोंडीची किंमत मोजली गेली आहे. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत इमारती एकमेकींपासून अवघ्या तीन मीटर अंतरावर आहेत. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने २०१८ साली पुढे आणलेल्या अभ्यासात असे आढळले की, जेथे ऊन आणि वारा पोहोचत नाही अशा घरांत, विशेषतः खालच्या मजल्यांवर, क्षयरोगाचे प्रमाण अधिक होते. त्यांपैकी अनेक कुटुंबे झोपडीतून पक्क्या घरात आली होती. कागदावर त्यांची प्रगतीच झाली होती. परंतु क्षयाचे जंतू कोंदट हवेत टिकतात आणि खेळत्या हवेत व सूर्यप्रकाशात क्षीण होतात, आणि भिंत पक्की आहे की कच्ची याने त्यात फरक पडत नाही.

दाटीने आपल्याला दिलेलेही पुष्कळ आहे, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. खेड्यात आपल्या वाड्याभोवती मोकळी जागा उदंड होती, पण पाणवठ्यावर हक्क नव्हता. बाबासाहेबांनी घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी खेड्यांविषयी जी कठोर टीका केली, तिच्यामागे हा अनुभव होता. शहरातील दाट चाळीने आपल्याला एका हाकेच्या अंतरावर हजार माणसे दिली. सभा भरल्या, वाचनालये चालली, रात्रशाळा चालल्या, भीमजयंतीच्या मिरवणुका निघाल्या. कामाचे ठिकाण चालत गाठता आले. विरळ वस्ती ऐकायला गोड वाटते, पण गरिबाच्या वाट्याला ती शहराच्या टोकाला येते, आणि मग पगाराचा व आयुष्याचा मोठा हिस्सा लोकलच्या डब्यात जातो. म्हणून ‘वस्ती दाट आहे, लोकांना बाहेर हलवा’ असे कोणी म्हटले तर आपण सावध असावे. दाटी राहू द्या, कोंडी घालवा, ही आपली मागणी असली पाहिजे.

विनयपिटकातील एक नियम

घर केवढे असावे आणि त्याच्या भोवती काय असावे, हा प्रश्न भगवान बुद्धांच्या संघापुढेही आला होता. आळवी येथील काही भिक्षू लोकांकडून साहित्य मागून स्वतःसाठी कुट्या बांधू लागले. त्यांना मोजमाप नव्हते आणि मागण्यालाही अंत नव्हता. लोक त्रासले व भिक्षूंना पाहून वाट बदलू लागले. तेव्हा जो नियम घालण्यात आला तो विनयपिटकात संघादिसेस प्रकरणात सहावा म्हणून येतो. कुटी आतून लांबीला बारा आणि रुंदीला सात सुगत-वितींहून मोठी नसावी, जागा आधी इतर भिक्षूंना दाखवून संमत करून घ्यावी, तेथे प्राणिमात्रांना व इतरांना उपद्रव होऊ नये, आणि कुटीच्या सभोवार मोकळी वाट असावी. ही वाट किती असावी याचेही स्पष्टीकरण तेथे आहे. जुंपलेली गाडी किंवा शिडी घेऊन कुटीभोवती फिरता आले पाहिजे.

कुटी लहान असली तरी तिच्या भोवतीची वाट कापण्याची मुभा नाही, हे यातून घेण्यासारखे आहे. आजच्या भाषेत बैलगाडीच्या जागी अग्निशमन दलाचा बंब समजावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगाव येथील झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील एका इमारतीत तळमजल्यावरील वाहने व सामान पेटले आणि लोकांचे प्राण गेले. अशा बातम्या वाचल्या की हा प्राचीन नियम किती व्यवहारी होता हे पटते. नियम करताना जागा दहाजणांना दाखवण्याची अटही विचार करण्यासारखी आहे. एकट्याने ठरवू नये, सर्वांनी पाहून ठरवावे.

पुनर्विकास: आकडे कसे वाचावेत

बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले, वरळीत २०२१ मध्ये कामाला आरंभ झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर. पाच माणसांच्या कुटुंबात माणशी ३२ ऐवजी १०० चौरस फूट. आमच्या चौथ्या पट्टीने मोजले तर हा फार मोठा पालट आहे आणि त्याचा आनंद मानलाच पाहिजे. त्याच वेळी याच जमिनीवर विक्रीची घरेही येत असल्याने घरांची एकूण घनता पूर्वीपेक्षा वाढणार आहे. खोलीतील कोंडी सुटेल, पण जमिनीवरची दाटी वाढेल. पाणी, मलवाहिन्या, रस्ते आणि मैदाने ही वाढ पेलतील काय, हे रहिवाशांनी जागरूकपणे पाहावयाचे आहे.

झोपडपट्टी पुनर्वसनात घराचे चटई क्षेत्र १९९५ नंतर २२५ चौरस फूट होते. २००८ साली ते २६९ झाले आणि २०१८ च्या नियमावलीने ३०० केले. ही वाढ लोकांच्या रेट्यामुळे झाली. मात्र संमतीची अट ७० टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आली आहे. म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक लोक सह्या करून बसले की उरलेल्यांना त्यांच्याबरोबर जावे लागते. म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक वस्तीने पुढील प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरेही लेखी घ्यावीत.

१. भूखंड किती चौरस मीटरचा आहे आणि त्यावर पुनर्वसनाची व विक्रीची मिळून किती घरे होणार? भागाकार स्वतः करावा.

२. पुनर्वसनाच्या इमारतींना भूखंडाचा किती भाग दिला आहे? संपूर्ण भूखंडाची घनता कमी दिसते, पण आपल्या इमारती एका कोपऱ्यात दाटीने उभ्या केल्या असतील, तर आपली निव्वळ घनता वेगळी असते.

३. घराचे चटई क्षेत्र किती आणि त्यात दार लावता येईल अशा खोल्या किती? शिकणाऱ्या मुलाला व सुनेला आडोसा मिळेल काय?

४. दोन इमारतींमध्ये अंतर किती? पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यावर ऊन पडेल काय?

५. मोकळी जागा जमिनीवर आहे की वाहनतळाच्या छतावर? ती दोन्ही प्रकारच्या रहिवाशांना सारखी खुली आहे काय?

६. इमारतीच्या सर्व बाजूंनी बंब फिरू शकेल काय? लिफ्ट किती, आणि वीज गेल्यावर त्या चालतील काय?

७. विहार, अभ्यासिका, बालवाडी व समाजमंदिर यांची जागा नकाशात दाखवली आहे काय? तोंडी आश्वासन नकाशात दिसत नाही, आणि जे नकाशात नाही ते बांधले जात नाही.

८. देखभालीचा मासिक खर्च किती, आणि त्यासाठी ठेवलेला निधी किती वर्षे पुरेल? घर मिळून खर्चापायी विकावे लागले, तर कुटुंब पुन्हा त्याच १६० चौरस फुटांत किंवा शहराबाहेर जाते.

समारोप

सारांश, दाट वस्ती म्हणजे हेक्टरी अमुक इतकी घरे, असे एका वाक्यात सांगता येत नाही. हेक्टरी ३० घरांना एका देशात पुरेसे मानले गेले, तर दुसरीकडे ६५० घरे ही किमान अट ठरली. आकडा कळल्यावर तीन गोष्टी आणखी पाहाव्या लागतात. माणशी जागा किती, घरात हवा-उजेड किती, आणि परिसरात पाणी, मैदान, शाळा व दवाखाना किती. या तीन गोष्टी असतील तर दाट वस्ती समाजाला जोडून ठेवते. त्या नसतील तर चाळीसावा मजलाही कोंडवाडाच होतो.

विद्यार्थी मित्रांना आमचे सांगणे असे की, डॉक्टर, इंजिनियर, वकील आपल्या समाजात आता पुष्कळ झाले आहेत. नगररचनेकडे मात्र आपली मुले फारशी वळत नाहीत. दिल्लीतील स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, पुण्यातील सीओईपी अशा संस्थांत या विषयाचे पदवी अभ्यासक्रम आहेत. शहराचा नकाशा जेथे आखला जातो तेथे आपली माणसे बसली पाहिजेत. तोपर्यंत प्रत्येक वस्तीतील दोन मुलामुलींनी तरी विकास आराखडा वाचायला शिकावे, आणि विहारात रविवारच्या बैठकीत तो सर्वांना समजावून सांगावा. त्यासाठी लागते ते गणित सातवीच्या वर्गातले आहे. भागाकार येत असला की पुरे.

जय भीम! नमो बुद्धाय!